टिचकी

मार्चअखेर. भोसरीत पंखे फिरतात, हवा फिरत नाही.
माझ्यासमोर अठ्ठावीस फॉर्म,
प्रत्येकात एक रकाना ऐसपैस :
'सुधारणेला वाव'.
'काय चांगलं जमतं' याला मात्र दीड ओळ.

मंदाकिनी शिरसकर. असेंब्ली, दुसरी पाळी.
गेल्या वर्षी मीच लिहिलं होतं,
शाळेत बक्षीस मिळवलेल्या माझ्या टपोऱ्या अक्षरात :
कॉम्प्युटरवर नोंदी हळू. बोलणं कमी. बैठकीत मागे बसतात.
मग तिला तीनदा ट्रेनिंगला धाडलं,
एकदा संभाषणकौशल्याच्या वर्गाला,
जिथं डोळे मिटून आपापलं स्वप्न सांगायचं होतं.
ती म्हणाली, "पाळी सुटायला किती वेळ आहे?"
सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

ऑगस्टात नाशिकहून गिअरबॉक्स परत यायला लागले.
आठवड्याला चार, मग नऊ.
मोजमाप बरोबर. कागद बरोबर. सही माझी.
पडद्यावर हिरवा दिवा,
फोनवर गिऱ्हाईक लालभडक.

त्या रात्री टेस्ट बेंचजवळून जाताना
ती थांबली, डबा काखेत.
"हा नका पाठवू."
"का?"
"खोटं बोलतोय."
मी रीडिंग दाखवलं. तिनं तिकडं पाहिलंच नाही.
मान कलती केली,
शेजारच्या घरात कुणी रडतंय का
ते ऐकताना आपण करतो तशी.
"आतल्या बेअरिंगला चीर. केसाएवढी."
खोललं.
होती.

मग गेटबाहेरच्या टपरीवर कळलं :
मुंढव्याचं केशवनगर, बापाची भट्टी.
सातव्या वर्षापासून हिचं काम एकच,
भाजून निघालेल्या माठाला टिचकी मारायची
नि कान द्यायचा.
खणखणीत तो डावीकडं. बद्द तो उजवीकडं.
आणि ज्याचा आवाज शेवटाला किंचित मागं वळतो
तो वेगळा ठेवायचा, तो लोकांच्या घरी जाऊन फुटतो.
"दिवसाला चारशे. चुकलं की आईचा धपाटा.
तो पण खणखणीत."

अकरा वर्षं तो कान
रोज गेटवर पंच करून आत येत होता,
आणि मी तिला माऊस धरायला शिकवत होतो.

तिला बेंचजवळ स्टूल दिलं.
नोंदी तौसीफकडं, त्याची बोटं तशीही शांत बसत नाहीत.
तिनं कॉम्प्रेसर भिंतीपलीकडं हलवायला लावला,
डोक्यावरचा पंखा बंद करवला,
घाम पुसत ऐकत राहिली.
सुरुवातीला दोन चुकलेही. त्या दोघांसाठी
सुट्टीच्या दिवशी येऊन बसली,
थंड तेलात ऐकलं, तापल्या तेलात ऐकलं.
वहीत आवाजांची नावं :
घुम्या. दमेकरी. दात खाणारा.
आणि एक नुसताच 'वन्सं'.
तौसीफनं विचारलं, हे टाईप कसं करू?
म्हटलं, आहे तसं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री दोनशे बारा.
पाणी मागितलं नाही, मान वर केली नाही.
शेवटचा गेला तेव्हा इकडंतिकडं पाहत म्हणाली,
"भोंगा झाला का?"
होऊन पंचवीस मिनिटं झाली होती.
केसाएवढी चीर ऐकणारीला
भोंगा ऐकू आला नव्हता.

आज तिचा फॉर्म.
'सुधारणेला वाव' मध्ये लिहिलं : कॉम्प्युटर हळूच. राहू दे.
वरून फॉर्म परत आला, शेरा : कृपया सविस्तर.

ती सही करायला आली, वाचलं नाही.
सही करता करता सवयीनं
माझ्या टेबलाला टिचकी मारली.
"साहेब, याचा मागचा पाय आतून पोकळ झालाय."

वाकून पाहिलं. वाळवी.

अजून त्याच टेबलावर लिहितोय, जपून,
सगळं त्या दीड ओळीत बसवायचं म्हणून
टपोरं अक्षर मोडून,
मुंगीएवढं करून.